नकाशावर फोनरेवचा ठिपका नव्याने मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
वारसा नोंद कार्यालय, पोर्ट विला.

विषय : फोनरेव (उत्तर अंब्रिम) येथे वाळूचित्रांची परंपरा असल्याचे नकाशावर दर्शविणेबाबत.

संदर्भ : अमूर्त वारसा वितरण नकाशा, अंब्रिम पत्रक (कर्ता : अर्जदार स्वतः).

महोदय,

१. सदर नकाशात वारशाचे ठिपके विमानाच्या धावपट्टीजवळ दाट असून डोंगराकडे विरळ होत जातात. अहवालात मी याचे कारण ज्वालामुखीची राख असे दिले होते. फेरतपासणीअंती ते कारण माझे गुडघे असल्याचे आढळले.

२. फोनरेव हे माझ्या आईचे माहेर. तेथे मात्र मी चढून गेलो होतो. वाळूचित्रे आहेत काय, असे मामा मासिंग यांना विचारता "नाही" असे उत्तर मिळाले व मी शून्य नोंदविले. ज्याने डुक्कर देऊन चित्राचा हक्क घेतलेला नाही, त्याला चित्र आहे एवढेही सांगायचे नसते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. परंतु प्रश्नावलीत डुकराचा रकाना नव्हता. प्रश्नावलीही माझीच.

३. येत्या शनिवारी लोलवानू येथील लेइसाव हिच्याशी माझा विवाह योजिला आहे. आमच्यात मामा उभा राहिल्याशिवाय लग्न लागत नाही. बोलावण्यास गेलो असता मामा म्हणाले, "भाच्या, इथं काहीच नाही असं तूच लिहिलंस ना? मग काहीच नसलेल्या गावातून मामा तरी कुठून येणार?" मामी आतून म्हणाल्या, "ज्वालामुखीला विचार, तो मोकळाच असतो!" वधूच्या गावी धावपट्टी असल्याने ठिपक्यांची रेलचेल आहे, तेथे मला 'नकाशाबाहेरचा जावई' म्हणतात.

४. सबब लग्नाच्या जेवणासाठी राखलेले डुक्कर मी मामांना दिले. त्यांनी वाळूवरून बोट न उचलता चित्र काढले, मला दाखविले व पुसले. म्हणाले, "आता ठिपका आण, मग येतो." परंपरा निःसंशय आहे. तथापि हक्कासोबत, ते चित्र हक्क नसलेल्यास न दाखविण्याचे बंधनही माझ्यावर आले. आपणांस तो हक्क नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

५. नियमानुसार हा अर्ज अभिप्रायासाठी सर्वेक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे येईल, व पुराव्याअभावी मी तो फेटाळीन. तरी कृपया तो गुरुवारनंतर परंतु शनिवारपूर्वी, मी लग्नाच्या रजेवर असताना, निकाली काढावा. ठिपका लहान चालेल. लग्न न झाल्यास सोमवारी कामावर हजर राहून मीच तो फेटाळीन.

आपला नम्र व तूर्त अविवाहित,
कालेब बोंगमेल
सर्वेक्षक, अंब्रिम
दि. ११ ऑगस्ट

सोबत : पुसलेल्या वाळूचे छायाचित्र.