मॅडम, सर कधी येतायत?

३ मे, रविवार. पिंपळगाव
सकाळी फोन. नाशिकच्या मॉलमध्ये कूपन भरलं होतं, त्यात नंबर लागला म्हणे. गंगापूर धरणाजवळच्या रिसॉर्टवर दोन रात्री फुकट. अट एवढीच की नवरा-बायकोने जोडीनं यायचं आणि शनिवारी एक 'छोटंसं प्रेझेंटेशन' ऐकायचं. पोरगी गोड बोलत होती. "सर येतील ना, मॅडम?"
येतील की, म्हटलं.
का म्हटलं कुणास ठाऊक. हे दिवाळीपासून हरसूलला, शेतावरच्या घरात. भांडण नाही, काही नाही. रिटायर झाले आणि म्हणाले, "मी तिकडंच राहतो आता. तुला यायचं तर ये." 'यायचं तर' हे काय आमंत्रण झालं? कॉलनीत मी सांगून ठेवलंय, आंब्याची कलमं लावतायत, येऊन-जाऊन असतात. येत नाहीत.

५ मे
द्राक्षाचा सीझन संपला. पॅकहाउसमध्ये आम्ही ऑफिसातलेच. शेड रिकामी, बोललं की आवाज घुमतो. साहेबांकडे सुट्टी मागितली. "कुठं जाताय?" "नाशिकला. आम्ही दोघं." लगेच हो म्हणाले.
मनूला कळवलं नाही. हैदराबादहून ती लगेच बाबांना फोन लावायची.

८ मे, शुक्रवार. नाशिक
रिसेप्शनवर आधार कार्ड ठेवून घेतलं. "सर?" "मागून येतायत."
पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. झोपायला जागा हवी म्हणून मोडले. मोडताना उगाच वाईट वाटलं.
जेवायला दोन ताटं मांडली होती. वाढप्याने आधी वाट बघितली, मग दुसरं ताट उचललं. धरणाचं पाणी खूप खाली गेलंय. काठाला नुसती भेगाळलेली माती. तरी बराच वेळ बघत बसले. घरी गॅलरीतून समोरच्यांचे कपडे दिसतात.

९ मे, दुपार
लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.
हॉलमध्ये मोठ्यानं गाणी. टेबलाटेबलावर जोडपी. कुणी सही केली की सगळे स्टाफवाले उठून टाळ्या वाजवतात. माझ्या टेबलावर श्वेता, मनूच्या वयाची.
"मॅडम, सर कधी येतायत?"
"रस्त्यात आहेत."
मग तिने मान तिरकी करून विचारलं, "दोघं शेवटचं फिरायला कधी गेला होतात?"
सांगत सुटले. मनू पोटात असताना महाबळेश्वरला गेलो होतो. त्यानंतर शाळा, बदल्या, सासूबाईंचं आजारपण. दरवर्षी पुढच्या वर्षी. पोरगी ऐकत होती. मधे एकदा तिने माझ्या हातावर हात ठेवला. इतकं मी कुणाशी बोलले नव्हते, गेल्या कित्येक महिन्यांत.
"सरांना काय आवडतं? डोंगर की समुद्र?"
मला सांगता येईना.
मग मॅनेजर आला, खुर्ची ओढून अगदी जवळ. दरवर्षी एक आठवडा, कुठल्याही हिल स्टेशनला, पंचवीस वर्षं. पण भाव आजचाच, बाहेर पडलात की संपलं. मी हुकमी उत्तर दिलं, "ह्यांना विचारल्याशिवाय नाही." दारावर येणारे सगळे त्यावर परत जातात.
"मग विचारा की आत्ताच."
लावला. हरसूलच्या शेतावर रेंज नसते, खात्री होती. पण आज तिकडचा बाजार. उचलला. मॅनेजरने स्पीकर दाबला. मागे कोंबड्या, कुणी मिरच्या विकतोय. त्याने सगळं भडाभडा सांगितलं. मी 'नाय'ची वाट बघत होते. फ्रिजला नाय, वॉशिंग मशीनला नाय, माहेरच्या लग्नाला नाय.
"तिला पाहिजे का?"
"मॅडमना फार आवडलंय सर. फक्त तुमच्या होकारासाठी थांबल्यात."
"मग घ्या म्हणा. जात जाऊ दोघं."
श्वेताने पेन हातात दिलं. टाळ्या वाजवायला दोघं-तिघं उठूनही उभे राहिले.
मी फोन बंद केला. "मला नको."
"सर तर हो म्हणाले!"
"ते म्हणाले. मी नाही म्हणते."
मॅनेजरचा सूर बदलला. सर येणारच नव्हते ना? मग फुकट राहायला आलात? आता खोलीचं भाडं लागेल. आधार कार्ड मागितलं तर म्हणे बसा, सिस्टिम बंद आहे. बसले. एसीत हात गार पडले. शेवटी उठले आणि पॅकहाउसच्या गेटवर टेंपोवाल्यांना हाक मारते त्या आवाजात म्हणाले, "माझं आधार कार्ड द्या!" सगळा हॉल वळला. दिलं. भाड्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.
निघताना श्वेता दुसऱ्या टेबलावर होती. मान तशीच तिरकी. "ताई, शेवटचं फिरायला..."

संध्याकाळ
खोलीवरच आहे. दुपारी ह्यांचा फोन येऊन गेला. घेतला नाही.
'जात जाऊ दोघं.' परक्या माणसाला किती सहज म्हणाले! का परक्यांनाच नाही म्हणता येत नाही, नुसतं मला म्हणता येतं? तो आवाज मात्र खोटा वाटला नाही. तोच त्रास होतोय.

१० मे. घरी
बसमधून त्यांना फोन लावला. लागला नाही. बाजार उठला, रेंज गेली.

१३ मे
संध्याकाळी त्यांचा फोन. टेकाडावर चढून आले होते, धाप लागलेली.
"घेतलं का ते?"
"नाही."
"का? मी हो म्हटलं ना."
"तुम्ही खरंच आला असता?"
"कुणी विचारलंच नव्हतं गं कधी," म्हणाले.
मी विचारलं होतं. दरवर्षी विचारलं होतं. 'पुढच्या वर्षी' म्हणायचे. आज ते त्यांना ऐकवलं नाही.
मग म्हणाले, "शनिवारी येऊ का?"
स्वतःच्या घरी यायला विचारतायत. मी म्हटलं, सांगते.

१४ मे
साहेबांनी विचारलं, "काय, दोघांची मजा झाली?" म्हटलं, "मी एकटीच गेले होते." ते "अच्छा" म्हणाले आणि पंख्याकडे बघत राहिले. इतकं अवघड नव्हतं.
शनिवारचं अजून ठरत नाही. येऊन काय करायचं त्यांनी? टीव्ही बघतील, जेवतील, रविवारच्या गाडीने परत. मग सोमवारचं रिकामं घर आहेच. नको म्हटलं तर पुन्हा कधी विचारायचे नाहीत, एवढं ओळखते मी.
कालही ह्याच वेळेला ते टेकाडावर आले होते. फोन वाजतोय. पाच रिंगा झाल्या. उचलते.