मुंगळ्याचा मामा

प्रिय भोपू,

फोन केला की तू "बरा आहे ताई, कामावर आहे" एवढं बोलून ठेवून देतोस. म्हणून आज लिहायलाच बसले. पत्र मध्येच कापता येत नाही, आणि लहानपणापासून तू माझं अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहत नाहीस.

आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. तुझे मेहुणे बाजारात जातात आणि सांगितलेलं सोडून बाकी सगळं घेऊन येतात. माझं चष्म्याचं दुकान चाललंय. परवा एक आजोबा नवा चष्मा परत घेऊन आले. म्हणाले, "यातून बायको फारच स्पष्ट दिसते, नंबर जरा कमी करून द्या." मी काउंटरवर डोकं टेकून हसले. मग एकदम थांबले, कारण माझं हसणं मलाच ओळखू येईना. घरी आल्यावर हे कुणाला सांगावं असा विचार केला तर तूच आठवलास. असल्या गोष्टी तुलाच सांगायची सवय होती ना मला.

तो दिवस मी आठवते असं नाही रे, तोच आपला रोज येऊन बसतो. परदेशातल्या उंच इमारतीत लिफ्ट बसवायचं काम संपवून तू विमानातून उतरलास तो सरळ माझ्या दारात. नाक वाहत होतं, खोकत होतास. "डोळे काय टोमॅटो झालेत तुझे," मी म्हटलं, तर तू म्हणालास, "विमानातली गार हवा गं, आणि झोप नाही." माझ्या बाळाला घ्यायच्या आधी तू शर्ट बदललास, कोपरापर्यंत साबणाने हात धुतलेस. मेहुण्यांनी चेष्टाही केली, ऑपरेशनला निघालाय म्हणून. मग तू त्याला उचललंस आणि त्याने तुझी कॉलर अशी पकडली की सुटेचना. "हा तर मुंगळा आहे," तू म्हणालास. त्याचं कागदावरचं नाव त्यानंतर घरात कुणीच घेतलं नाही. तू त्याला छातीवर घेऊन झोपायचास, आणि मी तेवढ्यात निवांत अंघोळ करून यायचे. भावाच्या जिवावर किती महिन्यांनी केस धुतले होते मी!

मग तुझ्या कानामागून पुरळ उठलं, ते तोंडावर आलं, छातीवर उतरलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी आहे, प्रवासात खाण्यात काही आलं असेल. तू गोळ्या घेतल्यास. आपण सगळ्यांनीच विश्वास ठेवला. डॉक्टर सांगतात तेव्हा माणूस आणखी काय करणार? ताप उतरेना तेव्हा मेहुणे तुला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुला नीट पाहिलं, रक्त घेतलं, तू कुठून आलास ते विचारलं. तिकडे कामगारांच्या वस्तीत गोवराची साथ होती हे तेव्हा उघड झालं. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात तान्हं मूल आहे का?" त्या क्षणी तुझा चेहरा कसा झाला ते मेहुण्यांनी मला कधीच सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही.

नंतर मुंगळाही तापला, त्यालाही तिथेच दाखल केलं, तेव्हा त्या बाईंनी मला बसवून सगळं समजावलं. गोवर हवेतून जातो. आजारी माणूस खोलीतून निघून गेला तरी मागे बराच वेळ तो तिथल्या हवेत राहतो. पुरळ दिसायच्या आधीच माणूस तो वाटत फिरत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. हात धुऊन त्याला अडवता येत नाही, लसच अडवते, आणि मुंगळ्याची लस नवव्या महिन्यात होती. तेवढा मोठा तो अजून झालाच नव्हता. लागण झाल्याझाल्या कळलं असतं तर आजाराशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता आलं असतं. पण त्याची मुदत त्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांत निघून गेली होती. "या विषाणूवर औषध नाही. आम्ही बाळाच्या अंगाला लढायला मदत करतोय," त्या म्हणाल्या. जीवनसत्त्वाचे थेंब दिले, ऑक्सिजन लावला. गोवर छातीत उतरला होता. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. मी मोठ्याने माझा श्वास घ्यायचे, जणू मला बघून तो शिकेल.

एका दुपारी तो शिकायचा थांबला.

तू तेव्हा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, वेगळ्या खोलीत होतास. मेहुण्यांनी काचेच्या बाहेर उभं राहून तुला खुणेनं सांगितलं. ते म्हणतात, तू आतून काचेवर डोकं आपटत राहिलास आणि आवाज काहीच आला नाही. बरा होऊन घरी आलास तेव्हा दारात बराच वेळ उभा होतास. मी आतल्या खोलीत होते. मला तुझा खोकला ऐकू येत होता आणि तो बंद पडावा असं वाटत होतं. तू समोर आला असतास तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. तू गेलास, आणि मिळेल ते सर्वांत लांबचं काम धरलंस.

आईबद्दल एक सांगते. परदेशी निघण्याआधी तू लशी घ्यायला गेला होतास, तेव्हा तिथल्या नर्सने गोवराचं विचारलं आणि तू तिथूनच आईला फोन लावलास. आई ठासून म्हणाली, "त्याला लहानपणीच येऊन गेलाय, मीच उशाशी बसले होते." म्हणून तुला पीतज्वराची दिली, काविळीची दिली, ही राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरळ उठणारे आजार खूप असतात, लहानपणी तुला दुसरंच काही झालं असेल. आई उशाशी बसली होती हे खरंच आहे रे. तिला काय ठाऊक, ती कुठल्या आजाराच्या उशाशी बसलीय! आता टीव्हीवर गोवराची बातमी लागली की ती उठून उगाच नळ सोडते आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासते. मी तिला दोष देत नाही. तिला देत नाही तर तुला कुठल्या तोंडाने देऊ? हे समजायला मला फार वेळ लागला, आणि समजलं तरी काही दिवस छातीत तसाच धोंडा असतो. खोटं कशाला लिहू?

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. आमचं बोलणं ते काय होतं आजवर, खुशालीपुरतं. या वेळी ती रडत होती. म्हणाली, मुलगी झाली त्याला महिना होत आला, आणि हा तिला एकदाही घेत नाही. कामावरून येतो, तोंडाला मास्क लावतो, खोलीच्या दारातून बघतो आणि "माझ्या अंगावर बाहेरची हवा आहे" म्हणून मागे सरतो. भोपू, मी त्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारून आले. एकदा गोवर होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा सहसा होत नाही. बाकीच्या लशी तू घेतल्यास, तुझ्या बायकोनेही घेतल्यात. मुलीची वेळ येईल तेव्हा तिलाही दे, प्रवास असेल तर आधी विचारून दे. तुझ्यापासून तिला काही धोका नाही. मी तिला बघायला यावं असं तुझी बायको म्हणाली. मी येणार नाही रे, इतक्यात नाही. दुकानात कुणी तान्हं मूल घेऊन आलं की मी मागच्या खोलीत जाते, माझे हात पुढेच होत नाहीत. म्हणून हे पत्र. माझ्याच्याने होत नाही, ते तू कर. मास्क काढ, आत जा आणि तुझ्या लेकीला उचल. तिने कॉलर धरली तर धरू दे.

तुझीच,
ताई