तुझं बसकं नाक मला येईना

प्रिय ताई,

धाकट्याचा लांबून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. आईला इथपर्यंत मोठ्यानं वाच, पुढचं तुझ्यापुरतं.

अ‍ॅनिमेच्या, आपल्या त्या जपानी कार्टूनच्या, स्टुडिओत चिकटलोय. मालिका कुणी काढलीय ते आपण नाव न बघता ओळखायचो, आठवतं? नायिकेच्या लांब पापण्या, टोकदार हनुवटी आणि बारा भाग झाले तरी प्रेमाचं बोलायला घाबरणारा नायक दिसला, की तू ओरडायचीस, "गुरुजी!" आपण ज्यांना गुरुजी म्हणायचो, ते चित्रकार माझ्या शेजारच्याच खोलीत बसतात. पण त्यांचा हात आता थरथरतो. चेहरे मी काढतो. बाहेर कुणाला पत्ता नाही.

अगं, दाजींचा गुडघा कसा आहे? आणि मांजर व्यायली का?

काल आमच्या मोठ्या बाई माझे कागद बघून म्हणाल्या, "शाब्बास रे माकडा, गुरुजींनाही फरक कळला नाही!" सगळे हसले. मीही हसलो. मग जेवणाच्या सुट्टीत तुझ्या वाढदिवसासाठी तुझं चित्र काढायला बसलो. चार कागद फाडले, ताई. दरवेळी त्याच पापण्या, तीच हनुवटी. तुझं बसकं नाक मला येईना.

पाचवा कागद सोबत ठेवलाय. त्यात माझा हात कुठे दिसतो का, नीट बघ. नुसते गुरुजीच दिसले, तर मी इथून निघेन. चौथी नोकरी सोडली म्हणून आई बोलेल, बोलू दे. मला बरं वाटावं म्हणून खोटं मात्र लिहू नकोस.

तुझा, निदान अजून तरी,
धाकटा