धूम्रकेश पाचव्या दारात अडकला आहे

रत्नागिरी,
९ मे २००५

चि. ऋजुता हिला गोपाळकाकाचे पोटभर आशीर्वाद.

पुण्यात तुझी तब्येत चांगली असेल, ऑफिसातल्या त्या गारठ्याने सर्दी होत नसेल आणि खोलीवरचा खडखडणारा पंखा मालकाने बदलून दिला असेल, असं धरून चालतो. (दिला नसेल तर त्याला लेखी कळव आणि प्रत स्वतःजवळ ठेव. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं काढून मी एवढंच शिकलो.) इकडे आम्ही दोघेही बरे आहोत. तुझ्या काकूचं पित्त अधूनमधून उठतं, माझा रक्तदाब गोळीच्या ऐकण्यात आहे. आंबा यंदा उशिरा पण बरा आला. तुझी पेटी एसटीने पाठवली आहे, वरच्या थरातले आधी संपव. तर आता मुख्य विषयाकडे येतो. मी संकटात आहे, आणि त्या संकटाचं मूळ तू आहेस.

आठव, मागच्या दिवाळीत ओसरीवर बसून मी 'सात दारांचा डोंगर' या कादंबरीमालिकेच्या लेखकाला शिव्या देत होतो. सहा भागांत सहा दारं उघडली, राजकन्या नीलवेणी आपलं राक्षसांचं सैन्य घेऊन सातव्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि लेखकमहाशय जे गप्प झाले ते आठ वर्षं गप्पच. वाचनालयात मी दर महिन्याला सातव्या भागाची चौकशी करतो; तिथली बाई आता मला बघितलं की नुसती मान हलवते. तेव्हा तू म्हणालीस की वाचक स्वतःच पुढच्या गोष्टी लिहून इंटरनेटवर टाकतात. मी म्हटलं, हा शुद्ध आगाऊपणा झाला, दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजायची! मग तू मला मारुती मंदिराजवळच्या स्वानंदीच्या सायबर कॅफेत नेलंस, आणि एक गोष्ट उघडून देऊन स्वतः खरेदीला गेलीस. तू परत आलीस तेव्हा मी तिसऱ्या गोष्टीत होतो आणि उठायला तयार नव्हतो, हे तुला आठवत असेलच. (मराठी, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. सुरुवातीला मी एकेक शब्द मोठ्याने वाचून मगच समजून घेत असे, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरची मंडळी लवकर उठत.)

तिथे लिहिणारे पुष्कळ आहेत. कुवेतचे एक गृहस्थ दर आठवड्याला नीलवेणीचं नव्या राजपुत्राशी लग्न लावतात. एकाने सगळ्या राक्षसांना इंजिनिअरिंगला घातलं आहे. पण या सगळ्यांत माणूस म्हणावा असा एकच, तो 'वरवंटा' या टोपणनावाने लिहिणारा. त्याच्या गोष्टीत नायक आहे म्हातारा मांत्रिक धूम्रकेश. मूळ सहा भागांत मिळून हा धूम्रकेश जेमतेम चौदा पानं आहे (मी मोजली), आणि तेवढ्यात तो काठी उगारण्यापलीकडे काही करत नाही. वरवंट्याने त्याला जिवंत केला. हा धूम्रकेश कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतो आणि घरातल्यांवर ओरडतो. ऐन लढाईत मंत्र विसरतो आणि मीच मुद्दाम थांबलो होतो असं सांगतो. पण नीलवेणी तापाने फणफणली, तेव्हा तोच तीन दिवस उशाशी बसून ओल्या पट्ट्या बदलतो आणि कुणालाही कळू देत नाही. ते वाचून मी कॅफेत डोळे पुसले. तुझ्या काकूला टायफॉइड झाला होता तेव्हा मीही असाच बसलो होतो, म्हणून मला त्यातलं खरेपण कळलं. खरं सांगतो ऋजुता, निवृत्त झाल्यापासून मला कशाची म्हणून वाट बघायची नव्हती. वाट बघायला काहीतरी या गोष्टीने दिलं.

वरवंट्याचं प्रकरण गुरुवारी यायचं. शुक्रवारी मी ते स्वानंदीकडून छापून आणायचो, नस्तीत, म्हणजे फायलीत, लावायचो, अनुक्रमणिकेत नोंद करायचो आणि दुपारच्या चहाबरोबर मोठ्याने वाचायचो. तुझी काकू आत विळीवर बसलेली असायची. तिला यात गोडी नाही. वाण्याची यादी सोडली तर तिने कधी काही लिहिल्याचं मला स्मरत नाही. पण माझ्या या छंदाला तिने कधी नाव ठेवलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. तिचाही गुरुवार भगिनी मंडळात जातो, त्यामुळे घरात एकंदर शांतता होती.

आता माझ्या हातून काय घडलं ते ऐक. अठराव्या प्रकरणात सातव्या दारावर हल्ला होणार होता. त्याऐवजी वरवंट्याने तीन पानं सैन्याच्या जेवणाला दिली. राक्षसांना कुळथाची पिठी, भात, फणसाची भाजी, कोण किती वाढून घेतो, कोण ताट धूत नाही. मी भडकलो. चहा घेता घेता म्हणालो की हा गृहस्थ आता भरकटला, लढाई सोडून चुलीपाशी जाऊन बसला, याला कोणी सांगणारा नाही म्हणून असं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी तडक कॅफेत जाऊन स्वानंदीकरवी गोष्टीखाली अभिप्राय टाकला: लेखकमहाशय, स्वयंपाकघरातून बाहेर या! (टाइप करताना ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. मला वाटलं, माझ्या भाषेचं तेज असेल.)

पुढच्या गुरुवारी एकोणिसावं प्रकरण आलं, जेमतेम अर्ध्या पानाचं. धूम्रकेश जेवणाला नावं ठेवून ताटावरून उठतो, रागारागाने चालत जातो आणि पाचव्या दारात अडकतो, एक पाय आत आणि एक बाहेर. शेवटचं वाक्य: 'आणि तो तिथेच राहिला.' बस्स. त्याला आता नऊ आठवडे झाले. (योगायोग बघ, त्याच सुमारास आमच्याकडेही तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ नुसता वरणभात होता. पित्तावर तोच उतार, असं तुझी काकू म्हणाली.)

लेखक माझ्यामुळे रुसला, तेव्हा त्याला शोधून माफी मागणं हे माझं कर्तव्य होतं. मी नस्ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. बर्फाच्या राज्यातला किल्ला जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे. राजा युद्धाआधी देवीला कौल लावतो. म्हणजे माणूस आपल्या जिल्ह्यातला, हे नक्की. आणि ज्याने वरवंटा हे नाव घेतलं तो दगडाच्या धंद्यातला असणार, हे कुणालाही पटेल. म्हणून मी देवरूखच्या रस्त्याला रावजी नावाच्या गृहस्थाची चिऱ्याची खाण आहे तिथे गेलो. एकदम कसं विचारणार? मी त्याच्या डोळ्यांत बघून हळूच म्हटलं की धूम्रकेशचं काय झालं, सांगून टाका. रावजीला वाटलं, मी कुठल्यातरी खात्याकडून आलोय आणि त्याच्याकडचा कुणी ट्रकवाला पळालाय. त्याने शपथेवर सांगितलं की असा माणूस त्याच्याकडे कधीच कामाला नव्हता, मला चहा पाजला, हजेरीपुस्तक दाखवलं, दोन कामगारांना समोर उभं केलं. एवढा पाहुणचार झाल्यावर रिकाम्या हाती निघणं मला जड गेलं आणि संकोचापायी मी एक गाडी चिऱ्यांची मागणी नोंदवून आलो. ते चिरे आता अंगणात आहेत. तुझ्या काकूने विचारलं तेव्हा तुळशीवृंदावन बांधायचं आहे असं सांगितलं. तिने ढिगाकडे पाहिलं आणि एवढ्यात चार वृंदावनं होतील म्हणाली.

मग मी देवीकडे गेलो. हसू नकोस. माणसाचे उपाय संपले की आपल्याकडे कौल लावतातच, आणि बर्फाच्या राज्यातला राजा लावतो तर मी का नको? महिपत गुरवाला सांगितलं की धूम्रकेश म्हणून एकजण पाचव्या दारात अडकलाय, तो सुटेल का ते विचार. नातं काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, घरचाच. त्याने पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. त्या दिवशी नेमकी देवळात गर्दी होती, आणि महिपतचा आवाज तुला माहीत आहे. त्याने गाऱ्हाणं घातलं: "गे आई म्हाराजा, ह्ये गोपाळभाऊ तुज्या पायाशी आलेत. त्यांचा धूम्रकेश पाचव्या दारात अडाकलाय, एक पाय आत नि एक पाय भायेर. त्याला सुखरूप भायेर काड गे म्हाराजा!" आणि सगळं देऊळ एका सुरात ओरडलं, "व्हय म्हाराजा!" माझ्या अंगावर काटा आला. उजवी पाकळी पडली. सुटणार! तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी लेखकाचाही पत्ता विचारून घेतला. कौल हो किंवा नाही एवढंच सांगतो, म्हणून एकेक विचारावं लागलं. जिल्ह्याबाहेरचा आहे का? डावा. रत्नागिरीतलाच का? उजवा. पुरुषच ना? डावा. इथे देवीचाही थोडा घोटाळा झाला असावा. मे महिन्याचं ऊन, पाकळ्या लवकर सुकतात. मी पुढचे प्रश्न सोडून दिले.

त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची रीघ लागली. सगळ्यांचा समज झाला की आमचं कुणीतरी मुंबईला इस्पितळात अत्यवस्थ आहे. बागेत काढणीला येणारा धाकू केळ्यांचा फणा घेऊन आला आणि तुझ्या काकूला म्हणाला, "वैनी, कसा हाय तुमचा मानूस? पाय वाचंल ना त्याचा?" ती म्हणाली, कोण माणूस? त्याने सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यासकट, वर माझा आवाज कसा भरून आला होता तेही. तुझी काकू तडक आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बराच वेळ आतून कसलेसे आवाज येत होते. मी दार ठोठावलं नाही. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. केळी मात्र गोड होती.

सध्या मी दर गुरुवारी दिवसभर कॅफेत बसून असतो, न जाणो वरवंटा तिथेच येऊन लिहीत असेल. अजून तरी तसा कुणी पुरुष दिसला नाही. तुझ्या काकूनेही भगिनी मंडळात जाणं सोडलं आहे. गुडघे दुखतात म्हणते. असं आमचं चाललं आहे. पत्राचं उत्तर सवडीने दे, आणि जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
गोपाळकाका

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. विसावं प्रकरण मी स्वतः लिहिलं आहे, अकरा पानं, सोबत जोडलं आहे. ते टाइप करून वरवंट्याच्या गोष्टीखाली चढव. वाचून तो संतापेल आणि हातातलं टाकून लिहायला बसेल, असा माझा हिशोब आहे. मला त्याच्याइतकं बरं लिहिता येत नाही, हे मी पहिल्याच पानावर कबूल केलं आहे, आणि माफीही मागितली आहे.

आणखी एक – यातलं काही काकूजवळ बोलू नकोस. ती आधीच चिऱ्यांच्या आणि देवळाच्या प्रकाराने दुखावली आहे. पाकीट चिकटवून टपालात टाकायला तिच्याकडेच देतोय, पण ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली नव्हे.

चि. ऋजुता, मी मालिनीकाकू. पत्र वाचलं. त्यांची अकरा पानं काढून घेऊन माझी घातली आहेत. त्यांच्या प्रकरणात सैन्य उपाशीपोटी लढून जिंकतं, असं कुठे होत नाही. ते गुरुवारचे कॅफेत ठाण मांडून बसतात, त्यामुळे मंडळाच्या नावाखाली मला तिथे जाता येत नाही आणि हे हातानेच लिहावं लागलं. परवलीचा शब्द तुला ठाऊक आहे, तूच मला ठेवून दिला होतास. त्या दिवशी चहाच्या वेळी ते जे बोलले, ते ऐकून पुन्हा एक ओळ लिहायची नाही असं मी ठरवलं होतं. म्हाताऱ्याला दारात अडकवला तो रागानेच. पण धाकू येऊन बोलला, तेव्हा आत जाऊन दार लावलं ते हसायला, आणि हसता हसता रडूच फुटलं. मी लिहिलेल्या माणसासाठी कुणी देवीपुढे हात जोडून उभं राहील, असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून सोडवलाय त्याला. त्यांना मात्र इतक्यात कळू देऊ नकोस. सदतीस वर्षांत माझं एक वाक्य त्यांनी पुरतं ऐकून घेतलेलं नाही, आणि वरवंट्याचं प्रत्येक वाक्य दोनदा वाचतात; अजून थोडे दिवस मला ते ऐकायचं आहे. प्रकरण गुरुवारी चढव, म्हणजे शुक्रवारी चहाच्या वेळी कागद घरात येतील. जेवणाचं वर्णन या खेपेला पाच पानं केलं आहे.