गॅरेजमधली फ्रेंच गाडी

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

तुझ्या लेकीचे दुधाचे दात पडायला लागले हे वाचून अप्पा दिवसभर गालात हसत होते. इकडची खुशाली म्हणण्यापुरती आहे. त्यांचं खुब्याचं हाड जुळलं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. पडल्यापासून ते वरच्या मजल्यावरच अडकून आहेत. म्हणून खालच्या गॅरेजची त्यांच्यासाठी खोली करायची असं मी ठरवलं. गवंडी बघून गेला. न्हाणीघर बसतंय, भिंतीत खिडकीही काढता येईल. अडचण एकच, गाडी.

ती किती वर्षं बंद आहे ते तुला माहीत आहे. इंजिन जाम, ब्रेक चिकटलेले, दारांखालचा पत्रा बोट लावलं की गळतो. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. पेपरात जाहिरात द्यावी म्हणते : जुनी फ्रेंच गाडी, चार दारांची, चालू नाही, हौशी माणसाने नेऊन पुन्हा उभी करावी. अप्पांना विचारलं, तर म्हणाले, धाकट्याला विचार, गाडी त्याला कबूल केली आहे. म्हणून हे पत्र. लवकर कळव, गवंडी माझ्यासाठी अडून बसणार नाही.

दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून पाय भरून आलेत, तेव्हा इथेच थांबते. घरच्यांना आठवण सांग आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र आलं आणि जेवण गोड लागेना. गाडी विकू नकोस. अप्पा गुरं तपासायला निघायचे तेव्हा पुढे तू, मागे मी, आणि परतताना माझ्या मांडीवर एखादं आजारी करडू. एक शेळी तर त्या मागच्या सीटवरच व्याली होती. ती गाडी म्हणजे अप्पाच आहेत गं.

उन्हाळ्यात मी रजा काढून येतो. अप्पा खुर्चीत बसून सांगतील, मी इंजिन खोलीन. सुटे भाग इकडे मिळतात, चौकशी केली आहे. तोवर गवंड्याला थोपव. लहानपणी माझ्या गोट्या शेजारच्यांना वाटून टाकल्यास, तेवढं औदार्य आता नको.

अप्पांना साष्टांग नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणूनच एवढा हट्ट करतो.

तुझा
धाकटा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं नाही. तू उन्हाळ्यात येणार, हे मागच्या उन्हाळ्यातही ऐकलं होतं आणि त्याच्या आधीच्याही. रागाने लिहीत नाही. रागवायला जोर लागतो.

अप्पांना खाली आणायचं तर खुर्चीसकट उचलायला दोन माणसं बोलवावी लागतात, म्हणून ते खाली येतच नाहीत. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या कुत्र्यांची चाल बघतात आणि कुणाचा पाय दुखतोय ते मला सांगतात. त्यांना अंघोळ घालून मी दुकानात जाते, दुपारी जेवायला वाढायला धावत येते, संध्याकाळी परत तेच. तुला त्या गाडीत अप्पा दिसतात. मला अप्पा वरच्या खोलीत दिसतात.

तुझ्या होकाराची वाट न बघता मी जाहिरात दिली, हे सरळच सांगते. पहिला आला भंगारवाला. त्याने गाडीकडे न बघता वजन विचारलं. मग एक हॉटेलवाला आला. त्याला ती दाराशी उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. अप्पांना सांगितलं, तर त्यांनी त्या दिवशी दुपारचं औषध घेतलं नाही. काल शाळेच्या बस दुरुस्त करणारी एक बाई आली. गाडीखाली आडवी होऊन बराच वेळ बघत राहिली. अप्पांनी तिला वर बोलावलं आणि मी जाहिरातीत गाळलेले सगळे दोष स्वतःच सांगितले. मी मनात म्हटलं, झालं, हीही गेली. अप्पांनी विचारलं, गाडी पुन्हा चालेल का? ती म्हणाली, आत्ता सांगता येत नाही, पण प्रयत्न सोडणार नाही. नवऱ्याला घेऊन परत येते म्हणाली.

तू आला नाहीस तरी मी समजून घेईन. पण आता नको म्हणू नकोस. तुझ्या प्रेमाची गरज आहेच, त्यातलं थोडं माझ्या वाट्याला येऊ दे.

ताई

ता. १० मार्च

ती. ताईस शि. सा. न.

विकून टाक. मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही. तुझ्या पत्रातलं ‘रागवायला जोर लागतो’ हे वाक्य तुझ्या भावजयीने वाचलं आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. आहे तसा तुझाच.

धाकटा

ता. २५ मार्च

चि. धाकट्यास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घे. गाडी गेली. त्या बस दुरुस्तीवाल्या बाईंनीच नेली. त्या दिवशी मी हट्टाने खाली आलो. स्टिअरिंग डावीकडे अडतं, ते धरायला माहितीचं माणूस हवं, असं मी म्हणालो. खरं म्हणजे मला बसायचं होतं. बाईंच्या नवऱ्याने आणि गवंड्याने मला उचलून चालकाच्या जागी बसवलं. ताई शेजारी बसली. ट्रक यायला वेळ होता. मी तिला शेळीची गोष्ट सांगायला लागलो आणि बघतो तो ती झोपली होती. तोंड उघडं, मान दाराला टेकलेली, हातात माझ्या औषधाची डबी.

इतक्या महिन्यांत मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. ती माझ्याजवळ असते तेव्हा काहीतरी करत असते. आपली ताई म्हातारी दिसायला लागली रे.

ट्रक आला. बाई खिडकीशी आल्या, तिला उठवू का म्हणून खुणेने विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला लावलं आणि सगळे भिंतीच्या सावलीला बसून राहिले. कुणी कुरकुर केली नाही. ती आपणहून जागी झाली तेव्हा सगळ्यांची माफी मागत सुटली. मग बाईंनी चिकटलेले ब्रेक मोकळे केले, साखळी लावून गाडी ओढली, मी स्टिअरिंग धरलं, आणि रस्त्यावर आल्यावर मला उतरवून घेतलं. एवढंच.

उन्हाळ्यात येणार म्हणालास, असं ताईकडून आता कळलं. ये. खोलायला इंजिन नाही, मी आहे. तू आलास की तिला तिच्या मैत्रिणीकडे समुद्रावर पाठवायचं माझ्या मनात आहे. तुझी रजा मंजूर झाल्याशिवाय तिला सांगणार नाही. तिने उगाच आशा लावून बसावं असं मला वाटत नाही.

मला अंघोळ कशी घालायची ते मीच शिकवीन. अवघड नाही, फक्त लाज दोघांनी मिळून सोडावी लागते. सूनबाईंना आणि नातीला आशीर्वाद. माझा जीव तुम्हा दोघा भावंडांत सारखाच आहे, म्हणून हे मागतो.

अप्पा