खोक्यावरचं तुझं वाक्य

प्रिय वृषाली,

तुझ्या भावाने, आदेशने पाठवलेला सहीचा कागद एव्हाना तुझ्या दवाखान्यातल्या टेबलावर येऊन पडला असेल. तो आहे तिथेच राहू दे, आधी हे वाच. फोन सोडून अण्णा पत्र का लिहितायत, असं तुला वाटेल. फोनवर मला थाप मारता येते, तीस वर्षं धंदा केलाय. कागदावर मात्र पेन अडतं. कालपासून तीन पानं फाडली. तुझ्या आईने विचारलंसुद्धा, ग्रामपंचायतीला उभे राहताय की काय.

घरी सगळं ठीक. आबांना ऐकू कमी येतं, दिसतं त्याहून कमी, पण जीभ शाबूत आहे. रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसवून मीच त्यांची दाढी करतो. परवा म्हणाले, ‘दाढीचे ब्रश इकून बंगला बांधला, पर फेस काय तुला अजून जमंना.’ मी म्हटलं, आबा, विकायचं कसब वेगळं आणि वापरायचं वेगळं. त्यावर म्हातारा इतका हसला की वस्तरा बाजूला घ्यावा लागला.

तुला माहीत आहे, मी मेंढरांमागे वाढलो. दिवाळी झाली की लोणीहून आपला वाडा निघायचा. मेंढरं, दोन घोड्या आणि घोड्यांवर सगळा संसार, असे घाटघरवरून नाणेघाटाने कोकणात उतरायचो. शंभर जनावरांत कुठली मेंढी लंगडतेय ते मला मागे चालताना नुसत्या पावलांवरून कळायचं. पोराचे कान कोल्ह्याचे आहेत, असं आबा म्हणायचे. पुढे त्याच कानांवर मी धंदा उभा केला. ब्रशाचे केस अंगठ्याने दाबून सोडले की फर्र आवाज येतो. त्यावरून माल चोख आहे की भेसळीचा, हे मी डोळे मिटून सांगायचो. आधी आठवडे बाजारात आणि सलूनमध्ये दुसऱ्याचे ब्रश विकले, मग वाटलं, आपणच का बांधू नयेत. लोणीला शेड घातली, उत्तरेतून डुकराचे केस मागवले. गावाला हसायला विषय झाला. मेंढरं सोडली आन् डुकराच्या मागं लागला, असं पारावर बोलायचे, तेही मला ऐकू यायचं. आबा तर वीस वर्षं शेडच्या दारात आले नाहीत. मी शेडवरून आलो की आंघोळ केल्याशिवाय मला पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नसत.

तू सातवीत होतीस. शाळेत भाषणाची स्पर्धा होती आणि तू विचारलंस, अण्णा, केस काढताना डुकराला दुखतं का? मी म्हणालो, आपल्या मेंढीला दुखतं का? वृषाली, तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटायचं. आपण मेंढी आडवी घेतो, पाय बांधतो, कातर चालू झाली की ती थोडा वेळ धडपडते आणि मग डोळे मिटून पडते. सोडली की हलकी होऊन उडी मारते. कातरीचं टोक लागलंच तर आबा त्या जागी हळद दाबायचे आणि तिच्या कपाळाला हात लावायचे. धनगराच्या पोराला जनावराचा केस म्हणजे कातरलेलाच. तो दुसऱ्या रीतीनेही निघतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि बघायला जावं असंही वाटलं नाही. तू भाषण केलंस, ‘आमच्या ब्रशसाठी एकही जनावर रडलेलं नाही.’ पहिला नंबर आला. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते खोक्यावर छापून घेतलं. तेरा वर्षं झाली, लई खोकी गेली त्या वाक्यावर.

सहा वर्षांपूर्वी माल अडला म्हणून मी स्वतः तिकडे उत्तरेत गेलो होतो, आठवतं? गावाचं नाव सांगत नाही. व्यापारी बोलायला गोड, पुढे पेढे ठेवले, चहा आला. दुकानामागे विटांची भिंत होती आणि भिंतीमागून आवाज येत होता. मी मान वळवल्यावर तो म्हणाला, ‘कुछ नहीं, खाना डाल रहे हैं.’ आता तू जनावरांची डॉक्टर आहेस, तुला काय सांगायचं. खाण्यासाठी जनावरं ओरडतात तेव्हा आवाजांची झुंबड उडते, ते पुढे सरकतात, एकावर एक चढतात. हा आवाज एकाच जागी होता, एकाच जनावराचा. थांबायचा आणि परत तिथूनच सुरू व्हायचा. मी चहा संपवला. भिंत वीस पावलांवर होती. गेलो नाही, कारण बघितलं असतं तर माल उचलता आला नसता. तिथल्या माणसांना मी दोष देत नाही. गरीब माणसं, त्यांची चूल त्यावर पेटते. माझी चूल केव्हाच पेटली होती, वर बंगल्याचा स्लॅबसुद्धा पडला होता. घरी आलो तेव्हा तू सुट्टीला आली होतीस. विचारलंस, बघितलंत का अण्णा, कसे काढतात? मी म्हणालो, बघितलं, कातरतात.

गेल्या महिन्यात मला जेवायला बोलवायला म्हणून आबा काठी टेकत थेट शेडमध्येच आले. दिसत नाही, त्यामुळे कशावर बसतोय हे कळलं नाही. बसले ते मालाच्या गोणीवर. हाताला केसांची जुडी लागली. जन्मभर लोकर पारखलेला हात, त्यांनी एक केस चिमटीत धरून शेवटपर्यंत ओढत नेला. एका टोकाला खसखशीहून बारीक मुळाची गाठ असते. ब्रश बांधताना ती आतल्या बाजूला डिंकात बुडते, गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. आबा म्हणाले, ‘ह्ये कातरल्यालं न्हाई. ह्ये उपटल्यालं हाय.’ मी म्हटलं, मेलेल्या जनावराचं असेल आबा. ते म्हणाले, ‘मग तसं खोक्यावर लिव.’ ब्रश बांधणाऱ्या अकराच्या अकरा बायकांचे हात थांबले. आपली सुंदराबाई, जी अठरा वर्षं त्या गाठी डिंकात बुडवतेय, ती खाली बघून म्हणाली, ‘आमाला वाटलं मालकास्नी ठावं असंल.’ मग आबा उठले, आणि जेवायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मी नायलॉनच्या धाग्याचे ब्रश बांधून बघतोय. पहिला माझ्या गालावर खराट्यासारखा लागला. चौथा आबांच्या गालावर फिरवला तर म्हणाले, कोकराच्या कानावानी हाय. पाणी जरा कमी धरतो. तू म्हणशील, शेवटी प्लास्टिकच ते, झिजलं की घोडनदीत जाणार. म्हण. त्यावर तुझ्याशी भांडायला मला आवडेल.

पण आदेशने आणलेली ऑर्डर नायलॉनची नाही. त्या कंपनीला खरे केस हवेत, आणि ते जनावराला न दुखवता काढले असं डॉक्टरच्या सहीने लिहून हवं. रविवारी आदेशने तुला फोन लावला तेव्हा मी पडवीत शेंगा फोडत होतो. तुझा आवाज मला स्वच्छ येत होता. तू म्हणालीस, ‘अण्णांनी स्वतः बघितलंय ना, मग मी काय विचारायचं? दे पाठवून.’ मी कान लावून बसलो होतो, तू एखादा तरी प्रश्न विचारशील म्हणून. विचारला असतास तर मी बहुतेक परत थाप मारली असती. तू विचारलाच नाहीस, आणि शेंग माझ्या हातात तशीच राहिली. त्या कागदावर सही करू नकोस, बाळा. मी बघितलं नव्हतं. मी ऐकलं होतं, आणि तरी सहा वर्षं माल आणला. कागद कोराच मला परत पाठव. हे पत्र पेटीत टाकून आलो की आदेशला मी समोर बसवून सांगणार आहे. ऑर्डर जाईल, पोरगा महिनाभर माझ्याशी बोलायचा नाही, शेडवरच्या बायकांचं काय करायचं तेही मलाच बघावं लागेल. तुझ्यावर काही येऊ देणार नाही. खोक्यावरच्या तुझ्या वाक्यावर आजपासून पांढरी पट्टी लावायला घेतलीय. सुंदराबाई लावते, मी कापून देतो. वाक्य तुझं होतं, ते तुझ्याकडे ठेव. खरं झालं की मी परत मागायला येईन, आणि तेव्हा तू चार प्रश्न विचारल्याशिवाय देऊ नकोस.

तुझाच,
अण्णा