खडू खाणारी

प्रिय ठमे,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहिते आहे.

गेल्या महिन्यात दुकानात कापड बेतताना मला घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि विचारलं, "माती, खडू असलं काही खावंसं वाटतं का?"

"मला नाही. माझी धाकटी बहीण खायची. कापडावर खुणा करायचे खडू चोरायची."

"अहो, अंगात लोह कमी पडलं की होतं असं. दमायचीही असेल ना?"

मला शिलाईच्या दुकानातली तू आठवलीस. तू मशीनवर डोकं टेकायचीस आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "आमच्या महाराणींची झोपच पुरी होत नाही!"

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तू लोहाच्या गोळ्या आणल्या होत्यास. त्या गोळ्यांनी पोटात ढवळतं म्हणून सुट्टी मागितलीस. शिवायच्या गणवेशांचा ढीग पडला होता, सुट्टी मला परवडणारी नव्हती. तू दोन दिवस शोधत होतीस ती पाकिटं मीच कचऱ्यात टाकली. पुढे तू चक्कर येऊन पडलीस, मी "नाटकं" म्हणाले, आणि तू बॅग भरून निघून गेलीस.

आता तशाच गोळ्या मी रोज घेते. काल दुकानाचा जिना एका दमात चढले आणि आनंदाच्या भरात हाक मारली, "ठमे, बघ गं!"

नवी कारागीर म्हणाली, "ठमी कोण?"

मी खडू उचलला आणि कापडावर खुणा करू लागले.

तुझी म्हणवून घ्यायला लाजणारी,
ताई